एका हंगामाची रजा

“शनिवारी तुमची मॅच असली ना, की बाबांच्या उजव्या हातात जीव येतो,” व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई दारात चपला घालता घालता म्हणाल्या. “मी मोजून बघितलंय. सोमवारी पकड घट्ट असते आणि शुक्रवारपर्यंत पुन्हा ढिली पडते. तुमचा खेळ हेच त्यांचं औषध आहे म्हणा ना.”

त्यांनी हे कौतुकाने सांगितलं होतं. कौतुक झाल्यावर माणसं हसतात तसा तोही हसला. बाई जिना उतरून गेल्या आणि तो कठडा धरून तिथेच उभा राहिला. आत बाबा खुर्चीत बसलेले होते. वर्षापूर्वी झटका आला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू गेली होती, तोंडाची एक कड ओघळली होती आणि बोलणं म्हणजे घशातून येणारा एक ओला आवाज, एवढंच उरलं होतं. तो आठवड्यातून एकदा फळं घेऊन यायचा, थोडा वेळ बसायचा, ताईला काय हवं-नको विचारायचा आणि सुटल्यासारखा निघायचा. तेवढ्या वेळात बाबा त्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. बघायचे ते त्याच्या पायांकडे. पोटऱ्या उतरल्यात का, चालताना कुठला गुडघा आखडतोय, हे हेरणारी ती नजर झटक्यानंतरही शाबूत राहिली होती. आणि आता ही बाई सांगत होती की या माणसाला त्याच्याकडून काहीतरी लागतं. नुसतं लागतं असं नाही, त्याच्यावाचून याचं अडतं. तो खाली आला, गाडीत बसला, पण गाडी सुरू करेना. समोर एक बाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होती. कुत्रं मध्येच बसलं, तिने पट्टा ओढला नाही, ती उभी राहिली. तो ते बघत राहिला. आपल्याला कसला तरी आनंद होतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो आनंद कुणाला दाखवण्यासारखा नाही हेही.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तो कोचच्या खोलीत गेला. खोलीत ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास भरून राहिलेला.

“हा हंगाम मी खेळत नाही, सर.”

कोचने चष्मा कपाळावर चढवला. “गुडघा?”

“नाही.”

“दुसऱ्या कुठल्या टीमने फूस लावलीय?”

“नाही, सर.”

“मग काय, लग्न करतोयस?”

“बाबा,” तो म्हणाला. “त्यांच्याजवळ कुणीतरी हवं.”

हे वाक्य त्याने ठरवून आणलेलं नव्हतं. ते आपसूक तोंडात आलं आणि इतकं चपखल बसलं की क्षणभर त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं. कोच उठून खिडकीशी गेला. पाठमोराच बोलला, “माझे वडील गेले तेव्हा मी बाहेरगावी मॅचला होतो. तार आली होती. मॅच संपल्यावर कळवलं लोकांनी.” मग नाक ओढून म्हणाला, “जा. मालकांशी मी बोलतो. तिशीला टेकलेला माणूस वर्ष वाया घालवतोय म्हणून ते बोंबलतील, बोंबलू देत.”

ते बोंबललेही नाहीत. उलट वर्तमानपत्रांनी ही गोष्ट डोक्यावर घेतली. ‘डावऱ्याने बापासाठी बूट काढले’ असा मथळा आला. फुटबॉलच्या मैदानावर त्याला डावऱ्या म्हणायचे, त्याच्या डाव्या पायामुळे. खाली त्याचा आणि बाबांचा जुना फोटो, दोघेही कॅमेऱ्याकडे न बघणारे. तो बॅग घेऊन बाबांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहायला आला त्या दिवशी त्याने ती बातमी खुर्चीशेजारी बसून मोठ्याने वाचली, सावकाश, स्वल्पविराम न चुकवता. ‘अशी मुलं आजकाल कुठे बघायला मिळतात,’ या वाक्याशी थांबून त्याने वर पाहिलं. बाबा ऐकत होते. बाबांना उलटून काही बोलता येत नव्हतं, आणि असं त्याच्या जन्मापासून पहिल्यांदाच घडत होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. पलीकडच्या गल्लीत तिचा संसार होता, तो सांभाळून तिने वर्षभर बाबांचं अंग पुसलं होतं, चादरी बदलल्या होत्या, नवऱ्याची धुसफुस ऐकली होती. “तू असं करशील असं मला वाटलं नव्हतं रे,” ती म्हणाली. “मलाही,” तो म्हणाला, आणि यात तरी काही खोटं नव्हतं.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी बाबांनी जेवणानंतर डुलकीसुद्धा घेतली नाही. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. वाचलेल्या बातमीतलं किती त्यांच्यापर्यंत पोचलं कुणास ठाऊक. मॅच असली की तो घरी नसायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. टीव्हीवर खेळाडू रांगेने बाहेर येऊ लागले. बाबांची नजर रांगेवरून सरकत शेवटापर्यंत गेली, परत आली, पुन्हा सरकली. तेव्हा तो घरातल्या मळक्या लेंग्यात, हातात चहाचा कप घेऊन आत आला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. टीव्हीकडे पाहिलं. परत त्याच्याकडे. “आजचीच मॅच आहे, बाबा,” तो म्हणाला. “जुनी नाही. मी खेळत नाहीये. पुढच्या शनिवारीही नाही. हा अख्खा हंगाम नाही.” त्याने चहाचा घोट घेतला. “तुमच्यासाठी घरी थांबलोय.” मग तो वळून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. याचसाठी तर सगळं केलं होतं. पण चेहऱ्याची एक बाजू मेलेली होती आणि दुसरी तिला सांभाळण्यातच दमत होती. ते रागावलेत, की घाबरलेत, की नुसती लाळ गिळतायत, काही कळायला मार्ग नव्हता. त्याला फसवलं गेल्यासारखं वाटलं. मॅच संपेपर्यंत दोघे शेजारी शेजारी बसून राहिले. सोमवारी बाईंनी रबरी गोळा बाबांच्या उजव्या हातात दिला, पकड मोजणाऱ्या काट्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “काय झालं हो? हात अगदी पडलाय.” “मलाही तेच कळत नाही,” तो म्हणाला. नंतर कप विसळताना आपण काहीतरी गुणगुणतोय असं त्याच्या लक्षात आलं.

तो लहान असताना बाबा बेकरीची व्हॅन चालवायचे. पहाटे गावभर पाव टाकत जायचे आणि तो मागे धावायचा. आरशात बाबांचे दोन डोळे दिसायचे, बाकी काही नाही. तो पडला की व्हॅन हळू व्हायची. थांबायची कधीच नाही, नुसती हळू व्हायची, म्हणजे आता थांबेल असं वाटून तो धडपडत उठायचा, आणि हात पुरेल इतका जवळ आला की पुन्हा वेग घ्यायची. मागच्या दारातून ताज्या पावाचा गरम वास यायचा. अजूनही कुठल्या बेकरीसमोरून गेला की त्याची पावलं आपोआप वेग घेतात. आईने एकदा खिडकीतून हे पाहिलं आणि ती अनवाणी खाली धावत आली. तेव्हा मात्र व्हॅन थांबली. बाबा काच खाली करून म्हणाले, “तू त्याला उचललंस तर उद्या दुप्पट.” आईने त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला. उचलणाऱ्या माणसाचा हात असा परत गेला की अंगावर तेवढी जागा गार पडते. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तिचा चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो, पण दंडावरची ती जागा त्याला अचूक दाखवता येईल. मग बुटाचा हिवाळा. तो मुळात उजव्या पायाचा. पण डाव्या पायाचे खेळाडू कमी असतात, त्यांना टीममध्ये जागा मिळते, असं बाबांनी कुठेतरी ऐकलं आणि त्याचा उजवा बूट काढून घेतला. अख्खा हिवाळा त्याने डाव्या पायात बूट आणि उजवा पाय उघडा ठेवून सराव केला. उजव्याने चेंडू मारावा तर गारठलेल्या बोटांतून कळ डोक्यापर्यंत जायची. अंगठ्याचं नख गेलं, नवं आलं, तेही गेलं. हिवाळा संपेपर्यंत तो डावरा झाला होता. लोक त्याच्या डाव्या पायाला देणगी म्हणायचे.

म्हणून बाईंनी तो हातमोजा पिशवीतून काढला तेव्हा त्याला हसूच आलं. जाड कापसाचा, बोटांना वेगवेगळे कप्पे नसलेला, मनगटाशी बंद बांधायचा हातमोजा. “हा त्यांच्या चांगल्या हातात घालायचा, म्हणजे डाव्या. चांगला हात अडकला की आजारी हाताला काम करावंच लागतं. बघायला जरा क्रूर वाटतं, पण उपयोग होतो. तासभरच हं, जास्त नको.” तो म्हणाला, “कळलं मला. अगदी नीट कळलं.” सुरुवातीला तो तासाभराने बंद सोडायचा. मग थोडा उशीर करू लागला, मग दुपार दुपार सोडेना. समोर सुपाची वाटी ठेवायची, उजव्या हाताशी चमचा ठेवायचा आणि आपण स्वयंपाकघरात जायचं. भिंतीला टेकून तो ऐकत राहायचा. चमचा वाटीवर आपटायचा, घसरायचा, फरशीवर पडायचा. मग बराच वेळ काही नाही. मग तो दारात येऊन एकच शब्द म्हणायचा, “उचला.” पहिल्यांदा तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मागे कुणी उभं आहे की काय म्हणून त्याने वळून पाहिलं होतं, इतका तो त्याचा आवाज नव्हता. कधी कधी बाबांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायचं. ते दुःखाचं असेलच असं नाही. अशा आजारात डोळे गळतात, असं बाईंनीच सांगितलेलं. तो रुमालाने डोळा पुसायचा, हळुवार, नर्सने पुसावा तसा, आणि चमचा पुन्हा उजव्या हाताशी ठेवायचा. रात्री मात्र त्याला झोप लागायची नाही. पाय चादरीखाली आपोआप हलायचे. हंगाम चालू होता आणि पायांना ते माहीत होतं.

एकदा ताई न सांगता आली. बाबांच्या शर्टावर सूप सांडून वाळलं होतं, चमचा खुर्चीखाली होता, आणि तो खिडकीत उभा राहून रस्ता बघत होता. ताईने बंद सोडला, हातमोजा काढला.

“कधीपासून बांधलंय?”

“मघाशी.”

“हात घामाने पांढराफटक पडलाय, आणि म्हणे मघाशी.”

“बाईंनीच सांगितलंय.”

“बाईंनी काय सांगितलंय ते मलाही माहितीय.” तिने आवाज खाली आणला. “हे बघ, मी काही विसरलेले नाही. मीही याच घरात वाढले. तू धावायचास तेव्हा मी खिडकीत उभी असायचे, आणि माझ्यावर ती वेळ येत नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकायचे. त्याची मला अजून लाज वाटते. तुला सूड घ्यायचाय ना, घे. पण लोक रस्त्यात मला थांबवून तुझं कौतुक करतात, ते मला ऐकवत नाही.”

“मग काय, जाऊ म्हणतेस?”

“जाणार आहेस?”

“नाही.”

“मग निदान त्यांचा शर्ट तरी बदल,” ताई म्हणाली आणि चमचा उचलून नळाखाली धरला.

त्याच्या जागी एक नवा मुलगा खेळत होता. विशीसुद्धा न गाठलेला, अंगावर मांस नाही, सदरा वाऱ्यात फडफडायचा. प्रेक्षकांनी त्याचं नाव काडी ठेवलं. सुरुवातीच्या मॅचमध्ये काडी वाटेल तसा खेळला. चेंडू पायातून निसटायचा, पास भलतीकडे जायचा, आणि चुकलं की तो स्वतःच्याच डोक्यावर टपली मारून हसायचा. बाबा मान फिरवायचे. ते बघून डावऱ्याला बरं वाटायचं, इतकं बरं की शनिवारची तो आता बाबांच्याच उतावीळपणे वाट पाहू लागला होता. पण मुलगा शिकत होता. हे डावऱ्याच्या लक्षात बाबांच्या आधी आलं. शेवटी त्याचाच धंदा होता तो. काडीने एकदा बचावाच्या खेळाडूला असं काही हुलकावून नेलं की डावऱ्या स्वतः नकळत खुर्चीत पुढे सरकला, आणि शेजारून कसलासा आवाज आला. बाबा हसले होते. अर्ध्या तोंडाने, घशातल्या घशात, पण ते हसणंच होतं. चूक करून हसणाऱ्या खेळाडूला बाबांनी शिक्षा म्हणून मैदानातून घरी चालत आणलं असतं. लहानपणी त्याला आणलं होतं. मग काडीने गोल केला आणि खुर्चीच्या हातावर निपचित पडलेला बाबांचा उजवा हात आपला आपण वर उठला, हवेत थरथरला आणि पडला. त्याने तो हात पाहिला. बाबांनीही पाहिला.

पुढच्या शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधी त्याने टीव्हीचा प्लग ओढून काढला. “बिघडलाय,” तो म्हणाला. बाबांच्या डाव्या हातावर हातमोजा बांधलेला होता. तो गॅलरीत गेला आणि शेजारच्या इमारतीत कुणी गालिचा झटकत होतं ते बघत उभा राहिला. आत काहीतरी धपकन पडलं. तो लगेच गेला नाही. गेला तेव्हा बाबा जमिनीवर होते, कुशीवर, आणि कोपराने स्वतःला ओढत भिंतीकडे चालले होते. कपाळ फुटलं होतं, फारसं नाही. हातमोज्याने त्यांनी प्लगची वायर छातीशी दाबून धरली आणि उजव्या हाताची बोटं, तीच चमचा न धरणारी बोटं, प्लगभोवती एकेक करून मिटली. तो दारात उभा राहिला. त्याला त्यांना उचलता आलं असतं. प्लग हिसकावून घेता आला असता. दोन्हींपैकी एक काहीतरी माणूस करतोच. तो उभा राहून नुसता श्वास घेत होता आणि श्वासाचा आवाज त्याला ऐकू येत होता. प्लग हुकला, भिंतीवर ओरखडला, पुन्हा हुकला. बाबांनी दम खाल्ला. मग प्लग बसला आणि खोलीत प्रेक्षकांचा गदारोळ भरला. बाबा कपाटाला टेकून बसले, कपाळावरून रक्ताचा बारीक ओघळ, आणि तोंड पडद्याच्या इतक्या जवळ की मैदानाचा हिरवा रंग त्यांच्या गालावर पडला होता. काडी डाव्या बाजूने धावत होता.

सोमवारी बाईंनी टाळ्या वाजवल्या. “मी सांगत नव्हते? हातमोजाच कामी आला. आणि तुमची सेवा. लिहून ठेवा, हे आता बोलायलाही लागतील.” त्याने त्यांना चहा दिला. बाबा खरंच बोलायला लागले. आधी ‘पाणी’, मग ‘नको’, मग ‘काडी’. ताईचं नाव त्यानंतर आलं. त्याला हाक मारायची वेळ आली की बाबा घसा खाकरत. त्याने हातमोजा काढून फडताळात टाकला. त्यात आता काही राम उरला नव्हता. सकाळी तो एकटा धावायला जाऊ लागला, पण दम लागायचा, मांड्या जड वाटायच्या, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती धडधडायची. आरशासमोर उभं राहून तो स्वतःच्या पोटऱ्यांकडे बघायचा. त्या उतरल्या होत्या. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, आणि दुसरं कुणी आताशा बघतही नव्हतं.

हंगाम संपता संपता कोचचा फोन आला. “पुरे झालं आता, ये परत. सरावाला लाग.” फोन ठेवल्यावर तो काही वेळ खोलीत येरझारा घालत राहिला. बाबांना ही बातमी द्यायची होती, आणि ती देताना आपला आवाज कापेल अशी भीती त्याला वाटत होती. याचा अर्थ काय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. तो खुर्चीसमोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा.

“बाबा, मी परत खेळणार आहे. नव्या हंगामापासून.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला. तो थांबला.

“कोणाच्या,” बाबा म्हणाले, “जागी?”

“म्हणजे?”

“कोणाला... काढून?”

“कुणाला काढून नाही, बाबा. डावीकडे. माझ्याच जागी.”

बाबांनी मान हलवली. ते रागावलेले नव्हते. परक्या माणसाला पत्ता सांगावा तशा शांतपणे, एकेक अक्षर नीट लावत ते म्हणाले, “ती... त्याची.” आणि थोड्या वेळाने, “पोर आहे. त्याला... जपा.”

‘जपा’ हा शब्द बाबांच्या तोंडी त्याने आजवर ऐकला नव्हता. झटक्याआधी त्यांना तो येत होता की हा आजारात कुठून तरी नव्याने हाती लागला, कोण जाणे. तो उठला. स्वयंपाकघरात ताईने विचारलं, “सांगितलंस? काय म्हणाले?” “खूश झाले,” तो म्हणाला. ताईने त्याच्याकडे बघितलं आणि गॅसवरचं भांडं उतरवलं.

सरावाच्या पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. कुणी पाठीवर थापा दिल्या, कुणी पोटाला चिमटा काढून “घरचं जेवण मानवलं की” म्हणालं. काडी मागे उभा होता, आपली पाळी यायची वाट बघत. जवळून तो टीव्हीवर दिसायचा त्याहून लहान दिसत होता. हनुवटीवर मुरमं होती.

“दादा,” तो म्हणाला, “बाबा कसे आहेत तुमचे? आम्ही सगळे सारखे विचारायचो सरांना.”

“बरे आहेत. आता बोलतात. तुझी एकही मॅच चुकवली नाही त्यांनी.”

“खरंच?” काडीचे कान लाल झाले. “मला कोच सांगायचे, तुमचा डावा पाय त्यांनीच घडवला म्हणून. काय म्हणतात ते? माझ्याबद्दल म्हणजे... काही म्हणाले कधी?”

डावऱ्या बाकावर बसला आणि बुटाची नाडी ओवू लागला. खोलीत गरम पाण्याची वाफ होती, कुणीतरी शीळ घालत होतं.

“म्हणाले, मेहनती आहे,” तो म्हणाला. “पण याला डावा पाय नाही. देवानेच दिला नाही, त्याला कोण काय करणार.”

काडी हसला, पण ते हसू तोंडावर घेऊन पुढे काय करायचं ते त्याला कळेना. त्याने खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. “बरोबरच आहे त्यांचं,” तो म्हणाला. “त्यांना कळतं.” मग हळूहळू मागे सरत तो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि आधीच बांधलेली नाडी सोडून परत बांधू लागला.

डावऱ्याने ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग उठून दोन्ही पाय जमिनीवर आपटून बूट नीट बसवले, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला सडकून भूक लागली.